विजेची मालवाहू गाडी घेताना: आधी मुले मोजा, मग गठ्ठे

कापडाच्या धंद्यात माल विणायला जितकी मेहनत लागते तितकीच तो हलवायला लागते. सूत सायझिंगला जाते, बीम मागावर चढतो, मागावरून उतरलेले तागे पेढीवर येतात आणि पेढीवरून ट्रान्सपोर्टच्या गोदामात जातात. मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, यातला बराचसा प्रवास गल्लीबोळांतून होतो. तिथे टेम्पो शिरत नाही, आणि शिरलाच तर दोन-चार ताग्यांसाठी त्याचे भाडे परवडत नाही. म्हणून आपला लहान कारखानदार आणि दुकानदार वर्षानुवर्षे हातगाडी, सायकल आणि लूना यांच्याच भरवशावर राहिला. लूना १९७२ साली बाजारात आली आणि पुढे कितीतरी वर्षे तिच्या मागे-पुढे गठ्ठे बांधून आपल्या पेठेतील लोकांनी रोजी कमावली.

आता ती जागा विजेवर चालणाऱ्या गाड्या घेत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये खुद्द लूनाच विजेची होऊन परत आली. त्या वेळी कंपनीने दोन युनिटची बॅटरी, दीडशे किलो वजन नेण्याची क्षमता आणि मागची सीट काढून माल ठेवण्याची सोय जाहीर केली होती. किंमत सत्तर हजारांच्या आसपास सुरू झाली होती. याखेरीज पायडल मारता येणाऱ्या विजेच्या सायकली, मालवाहू स्कूटर, तीन चाकी ई-कार्ट आणि अर्ध्या टनाच्या आसपास माल नेणारे तीन चाकी टेम्पो असा मोठा बाजार भरला आहे. ‘यातली कोणती घ्यावी?’ हा प्रश्न आम्हाला पेढीवर वारंवार विचारला जातो.

आमचे म्हणणे असे की गाडीचे नाव नंतर ठरवावे. आधी त्या गाडीवर कोण बसणार आहे ते कागदावर लिहावे. मालाची गाडी वेगळी आणि घरची वेगळी, हे आपल्यापैकी फार थोड्यांना परवडते. एकच गाडी सकाळी दोन मुलांना शाळेत सोडते, दुपारी तागे नेते, संध्याकाळी किराणा आणते आणि शुक्रवारी माग बंद असले की बायको-मुलांना घेऊन नातेवाइकांकडे जाते. विक्रेता मात्र किलो आणि किलोमीटर एवढ्या दोनच गोष्टी सांगतो. मुले किती, हे तो विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. पुढचे सारे नुकसान इथूनच सुरू होते.

कायद्याच्या नजरेत मूल म्हणजे माणूसच

मोटार वाहन कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार दुचाकीवर चालवणारा आणि त्याच्यामागे एक, एवढेच लोक बसू शकतात. मूल लहान आहे म्हणून ते मोजले जात नाही, हा आपला समज चुकीचा आहे. बाप आणि दोन मुले म्हणजे तीन माणसे. यासाठी एक हजार रुपये दंड आहे आणि तीन महिने लायसन्स निलंबित होण्याची तरतूद आहे. २०२३ साली केरळातून लहान मुलांसाठी सवलत मागण्यात आली होती, पण केंद्राने ती मान्य केली नाही.

चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. त्याहून लहान मुलांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये वेगळा नियम निघाला आणि तो एक वर्षानंतर लागू झाला. चार वर्षांखालील मूल चालवणाऱ्याच्या शरीराशी पट्ट्याने बांधलेले असावे, नऊ महिन्यांपुढील मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट असावे आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये, असा तो नियम आहे. हा पट्टा आणि लहान हेल्मेट गाडीबरोबर मिळत नाहीत. ते वेगळे घ्यावे लागतात आणि गाडीच्या बजेटात त्यांचा खर्च आधीच धरायला हवा.

पेटीबद्दलही नियम आहे. २०२० च्या दुरुस्तीनुसार दुचाकीवरची पेटी ५५० मिलिमीटर लांब, ५१० रुंद आणि ५०० उंच याहून मोठी नसावी. पेटी मागच्या सीटच्या जागी बसवली तर दुसरा माणूस बसवता येत नाही. ती त्या जागेच्या मागे बसवली तरच बसवता येतो. म्हणजे एका वेळी एकतर मूल किंवा माल. दोन्ही एकाच सीटवर कोंबायचे नाहीत.

दोन मुले असली की पुष्कळजण तीन चाकी मालवाहू गाडीकडे वळतात आणि मागच्या हौद्यात ताग्यांवर मुलांना बसवतात. यातला धोका फार जणांना ठाऊक नाही. मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशाच्या नुकसानीची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात दिला आहे. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत असेल तर गोष्ट वेगळी, पण शाळेला निघालेले मूल काही मालाचा मालक नव्हे. विम्याचा हप्ता वेळेवर भरला, कागद सगळे दुरुस्त, आणि तरीही घरच्याच मुलासाठी त्या विम्याचा उपयोग शून्य.

‘लायसन्स नको, पासिंग नको’

मोटारीची शक्ती २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि दुचाकीचे वजन बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत असेल तर ती गाडी कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. तिला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही. गल्लीतल्या ये-जा साठी ही चांगली सोय आहे. पण त्याबरोबर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली अशी की नोंदणी नाही म्हणजे सक्तीचा विमाही नाही. कोणाला धक्का लागला तर भरपाई आपल्याच गल्ल्यातून जाणार. दुसरी अशी की काही विक्रेते या नावाखाली जास्त वेगाची गाडी गळ्यात बांधतात. असे प्रकार वाढल्यावर २०२२ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने अशा गाड्यांवर कारवाईची मोहीम काढली होती. गाडी घेण्यापूर्वी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र मागावे. ते दाखवायला टाळाटाळ झाली तर दुकानातून उठावे. लायसन्स नको म्हणून घेतलेली गाडी प्रत्यक्षात नोंदणीच्या वर्गातली निघाली आणि पंधरा वर्षांचा मुलगा ती चालवताना सापडला, तर १९९अ कलमाखाली पालक किंवा मालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

युरोपातला अनुभव

मुले आणि घरचे सामान एकाच सायकलवरून नेण्याची रीत डेन्मार्क आणि हॉलंडमध्ये चांगलीच रुजलेली आहे. कोपनहेगनच्या ख्रिश्चानिया वस्तीतली पुढे पेटी असलेली तीन चाकी सायकल १९८४ पासून प्रसिद्ध आहे. त्या पद्धतीत मुले चालवणाऱ्याच्या पुढे, नजरेसमोर, जमिनीपासून कमी उंचीवर बसतात आणि त्यांना पट्टे असतात. आपण मुलाला मागे, उंचावर, गठ्ठ्याला टेकवून बसवतो. म्हणून तिथली गाडी पाहून इथे जुगाड करायचे असेल तर ही पट्ट्याची आणि नजरेची बाब आधी घ्यावी.

तिथेही सगळे सुरळीत चालले असे नाही. २० सप्टेंबर २०१८ रोजी हॉलंडमधील ऑस या गावी पाळणाघराच्या मुलांना नेणारी स्टिंट नावाची विजेची गाडी बंद रेल्वे फाटकाशी थांबली नाही आणि गाडीखाली सापडून चार मुले दगावली. पुढच्याच महिन्यात सरकारने त्या गाडीला रस्त्यावर मनाई केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये बाबो या कंपनीच्या मालवाहू सायकलींचे सांगाडे तुटत असल्याच्या तक्रारींवरून तिथल्या सरकारी तपासणी खात्याने विक्री थांबवायला लावली. इतक्या कडक तपासणीच्या देशात हे घडते, तर आपल्याकडे नाक्यावरच्या वेल्डरकडून कॅरिअर वाढवून घेणाऱ्यांनी किती सावध राहायला हवे! ब्रेक आणि सांगाडा या दोन वस्तूंत काटकसर करू नये.

वजन आणि चढ

आता मालाकडे येऊ. चौरस मीटरला शंभर ग्रॅम वजनाचे, एक मीटर पन्ह्याचे कापड शंभर मीटर असेल तर त्याचे दहा किलो होतात. असे बारा तागे म्हणजे १२० किलो. कंपनी दीडशे किलो म्हणते तेव्हा त्यात चालवणाऱ्याचे वजन धरले आहे की नाही, हे लेखी विचारावे. धरले असेल तर ७० किलोच्या माणसामागे आठच तागे उरतात.

चढाचा हिशेबही सोपा आहे. माणूस, सायकल आणि माल मिळून दीडशे किलो असतील आणि शंभर मीटरला पाच मीटरचा चढ असेल, तर २५० वॅटची मोटार ते वजन ताशी दहा किलोमीटरच्या आसपास चढवू शकते. एकूण वजन तीनशे झाले तर वेग निम्म्यावर, म्हणजे पायी चालण्याइतका येतो, मोटार तापते आणि पायडल मारून घाम गाळावा लागतो. मालेगाव-सोलापूरसारख्या सपाट शहरांत विजेची सायकल चालून जाईल. चिपळूण-महाडकडच्या चढउतारांवर मात्र जास्त ताकदीची नोंदणीकृत गाडीच हवी.

उताराला याहून जास्त जपावे. ताशी २५ ऐवजी ४० च्या वेगाने जाणारी गाडी थांबायला सुमारे अडीचपट अंतर घेते, आणि माल भरलेली असेल तर ब्रेकवर आणखी ताण येतो. म्हणून गाडीची चाचणी रिकामी घेऊ नये. आपलेच तागे दुकानाबाहेर नेऊन, बांधून, आपल्याच गल्लीत आणि पुलाच्या चढावर फिरवून पाहावी. खड्ड्यांचा रस्ता असेल तर लहान चाकांपेक्षा मोठी चाके बरी. माल चढवताना गाडी उभी राहील असा रुंद आणि मजबूत स्टँड आहे का, हेही तिथेच कळते.

मुलांसाठी आणखी तीन बाबी पाहाव्यात. मागच्या चाकाला जाळी हवी, कारण आऱ्यांत टाच अडकून होणाऱ्या जखमा फार वाईट असतात. साडी, ओढणी किंवा बुरखा चाकात जाऊ नये म्हणून निम्मे चाक झाकणारे आवरण नियम १२३ नेच बंधनकारक केले आहे. मालासाठी सीट काढताना ते आवरणही निघते का, हे तपासावे. तिसरी बाब विजेच्या गाडीपुरती आहे. ती चालू असताना आवाज करत नाही. पुढे उभ्या केलेल्या मुलाने सहज हँडलची मूठ पिरगाळली की गाडी एकदम उडी घेते. म्हणून मूल चढवताना आणि उतरवताना किल्ली बंद, हा घरातला कायदाच करावा.

बॅटरी कापडापासून दूर

मार्च-एप्रिल २०२२ मध्ये देशात विजेच्या काही स्कूटर पेटल्या, त्यात पुण्यातलीही एक होती. तामिळनाडूतील वेल्लोर येथे रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या गाडीला आग लागली आणि धुरात गुदमरून बाप आणि त्याची लेक दगावली. त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. एआयएस-१५६ या मानकाची सुधारित कलमे १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. जुनी गाडी घेणाऱ्याने ती या तारखांपूर्वीची आहे की नंतरची, हे आधी पाहावे.

कापडवाल्यासाठी ही बाब जिवाची आणि मालाचीही आहे. आपल्याकडे घर, दुकान आणि गोदाम एकाच जिन्याला लागून असते. गाडी सोयीने ताग्यांच्या थप्पीशेजारी किंवा जिन्याच्या तोंडाशी लावली जाते. तिथे आग लागली तर कापडही पेटणार आणि बाहेर पडायची वाटही बंद होणार. म्हणून बॅटरी काढता येणारी गाडी असेल तरी ती सूत, कापड आणि झोपण्याची खोली यांपासून दूर, मोकळ्या जागेत, माणूस जागा असताना चार्ज करावी. चार्जर कंपनीचाच वापरावा, सॉकेटला अर्थिंग असावे आणि गाडी उन्हातून आल्याबरोबर चार्जिंगला लावू नये. फुगलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी दुरुस्त करून वापरू नये. भिवंडी-कुर्ल्याकडे पावसाळ्यात पाणी तुंबते, तिथल्यांनी बॅटरीला आयपी ६७ दर्जा आहे का ते विचारावे. हा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. गोदामाच्या आगीच्या विम्यात चार्जिंगबद्दल काही अट आहे का, हेही एकदा वाचून घ्यावे.

बॅटरीच्या जातींत शिशाची बॅटरी स्वस्त पण जड आणि कमी टिकणारी. लिथियममध्ये एलएफपी जातीची बॅटरी थोडी जड असली तरी उष्णता जास्त सोसते. खान्देश आणि सोलापूरकडच्या उन्हाळ्यासाठी आमची पसंती तिला आहे.

पैशाचा हिशेब

जाहिरातीतले किलोमीटर रिकाम्या रस्त्यावरचे असतात. माल भरलेल्या दुचाकीला किलोमीटरमागे ३५ वॅट-तास लागतात असे धरले, तर दोन युनिटची बॅटरी ५५ ते ६० किलोमीटर चालेल. रोजची धाव तीस किलोमीटर असेल तर जाता-येता चार्जिंगची चिंता नको.

समजा पेट्रोलची गाडी माल घेऊन लिटरला ४५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे. तीस किलोमीटरला ७० रुपये लागतात. विजेच्या गाडीला तेवढ्याच धावेसाठी घट धरून सव्वा युनिट लागेल. युनिट दहा रुपयांनी धरले तर साडेबारा रुपये. रोजची बचत सुमारे ५७ रुपये, तीनशे दिवसांची १७ हजारांच्या आसपास. पण ही सगळी बचत नफा समजून खर्च करू नये. नव्या बॅटरीचा भाव आजच लेखी घ्यावा. तो तीस हजार असेल आणि बॅटरी पाच वर्षे चालणार असेल, तर दरवर्षी सहा हजार बाजूला काढावे लागतील. उरतात अकरा हजार. गाडीवर जीएसटी पाच टक्के आहे, पण सुटी लिथियम बॅटरी घेताना तो अठरा टक्के लागतो, हेही या हिशेबात धरावे. विजेच्या गाडीला नोंदणीची फी ऑगस्ट २०२१ पासून माफ आहे आणि विजेच्या मालवाहू गाडीला २०१८ पासून परमिटची गरज नाही. या नावाखाली कोणी पैसे मागितले तर पावती मागावी.

आपल्यातले अनेक बांधव व्याजाच्या कर्जापासून दूर राहतात. अशांनी हप्त्यावर मोठी गाडी घेण्यापेक्षा भिशीचा नंबर लागेपर्यंत थांबून रोखीने लहान गाडी घ्यावी. दोन-तीन शेजारी दुकानदारांनी मालासाठी तीन चाकी गाडी भागीत घेणे हाही चांगला मार्ग आहे. मात्र कोणाचा कोणता वार, बॅटरीचा पैसा कोण भरणार आणि मोडतोड कोणाची, हे पहिल्याच दिवशी लिहून सह्या कराव्यात.

मग घ्यावी कोणती?

एक मूल आणि पन्नास-साठ किलोपर्यंत माल असेल तर मजबूत कॅरिअरची नोंदणीकृत विजेची दुचाकी पुरे. मूल आणि माल मात्र वेगवेगळ्या फेरीत न्यावेत. सपाट गल्लीत थोडाच माल न्यायचा असेल आणि मुले पायी शाळेत जात असतील तर २५० वॅटची सायकल सर्वांत स्वस्त. दोन किंवा अधिक मुले असतील तर त्यांना दुचाकीवर कोंबण्यापेक्षा शाळेची रिक्षा किंवा व्हॅन लावून द्यावी आणि गाडी फक्त मालासाठी घ्यावी. वर काढलेल्या वार्षिक बचतीतून त्या भाड्याचा काही भाग निघतो. रोज शंभर किलोहून जास्त माल असेल तर तीन चाकी घ्यावी, पण तिच्या हौद्यात मुले बसणार नाहीत हे घरात सर्वांना सांगून ठेवावे.

आणि कोणतीही गाडी असो, दुरुस्तीचे दुकान आपल्याच शहरात हवे. कंट्रोलर किंवा चार्जर बिघडला आणि सुटा भाग परगावाहून यायला महिना लागला, तर त्या महिन्याचे हातगाडीचे भाडे साऱ्या वर्षाची बचत खाऊन टाकते. ज्यांनी तीच गाडी दोन वर्षे वापरली आहे अशा दोघा-तिघांना गाठून विचारावे. विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा त्यांचा अनुभव जास्त कामाचा.

गठ्ठा पडला तर धुऊन, इस्त्री करून कमी भावात विकता येतो. मुले ही आपल्याकडे अमानत आहेत, त्यांच्या बाबतीत अशी सोय नाही. म्हणून दुकानात जाताना खिशात एक कागद ठेवावा. त्यावर पहिल्या ओळीत मुलांची संख्या आणि वये, दुसऱ्या ओळीत मालाचे किलो, तिसऱ्या ओळीत रस्ता आणि चौथ्या ओळीत चार्जिंगची जागा लिहावी. या चारही ओळींचे उत्तर देईल तीच गाडी घ्यावी. एका ओळीलाही उत्तर नसेल तर अजून महिनाभर हातगाडीवालाच बरा.